धाकटीच्या हातचं धुणं

धाकटी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा घरात माणसांपेक्षा गोधड्या जास्त होत्या. खाटेवर गोधड्या, कपाटात गोधड्या, जिन्याच्या कठड्यावर गोधड्या. आलेल्या पाहुण्यानं आधी एखादी गोधडी उचलून बाजूला ठेवायची, मग बूड टेकायचं, अशी तिथली रीत. सासूबाई शिवायच्या, थोरली जाऊ शिवायची, आणि तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत दिवसभर कात्रीचा आवाज चालू असायचा. थोरलीचा नवरा ट्रकवर असे, महिनामहिना घरी नसे. धाकटीचा नवरा नळदुरुस्ती करत गावभर फिरे. घर चालायचं ते बायकांच्या सुईवर.

आणि नेमकी सुईच धाकटीच्या हातात बसेना. दोरा ओवायची तो नीट, पण टाके असे पडायचे की एक पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिच्या हातचा तुकडा बघायला घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि म्हणाल्या, "अगं, तू गोधडी शिवतेस की तिला टोचतेस?"

थोरली खळखळून हसली. ती मनानं वाईट नव्हती, पण तिला हसू दाबता येत नसे. तिचे स्वतःचे टाके एका ओळीत चाललेल्या मुंग्यांसारखे. कुठली मुंगी पुढे नाही, कुठली मागे नाही. अशा बाईला दुसरीचा वाकडा टाका म्हणजे जेवताना दाताखाली खडा.

धाकटीचं माहेर रंगाऱ्याचं. बापाची कापड रंगवायची भट्टी होती, आणि लहानपणी तिची बोटं कधी निळी, कधी जांभळी असायची. शाळेत बाकावर शेजारी बसायला मुली नाखूश, कारण हिचा हात लागला की वही रंगायची. म्हणजे शिवणाच्या घरात येताना तिनं आणलं काय, तर रंगाची ओळख. ती तिथं कुणाला हवी होती?

मग तिला धुणं दिलं. धुणं कुणालाच नको असायचं. कोरडी गोधडी मांडीवर घेऊन बसायला छान वाटते, पण तीच ओली झाली की झोपलेला रेडा. उचलता उचलत नाही, पिळता पिळत नाही. गिऱ्हाइकांच्या वापरलेल्या गोधड्या धुवायला येत, आणि नव्या शिवलेल्या गोधड्यांवरच्या खडूच्या खुणा घालवायलाही पाणी दाखवावं लागे. तोवरची पद्धत सोपी होती. हौदात कोंबा, धोपटा, बाहेर काढून ढीग करा, वेळ मिळेल तेव्हा उन्हात टाका. चारातल्या एका गोधडीत लालाचा रंग पांढऱ्यात उतरायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं की सासूबाई म्हणायच्या, "हातची वस्तू आहे, थोडं असायचंच."

धाकटीला ते 'असायचंच' पटेना. बापाच्या भट्टीवर कापड एकमेकांत रंग लावून बाहेर पडलं असतं तर बापानं ते गिऱ्हाइकाच्या हातात दिलंच नसतं. तिनं कुणाला न विचारता आपली पद्धत बसवली. आधी पांढरी चिंधी साबणाच्या पाण्यात बुडवून प्रत्येक रंगावर दाबून धरायची. चिंधी पांढरी राहिली तर ठीक, रंगली तर तो तुकडा डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा. साबण आधी पाण्यात पुरता विरघळू द्यायचा. पाणी भरपूर, इतकं की गोधडी त्यात तरंगत राहील, घडीवर घडी बसणार नाही. आपटायचं नाही, पिळायचं नाही, हातांनी नुसतं दाबत जायचं. आणि बाहेर काढल्यावर ढीग तर अजिबात नाही. ढिगात ओले रंग एकमेकांना चिकटून बसतात, आणि गप्पा मारणाऱ्या बायकांसारखे एकमेकांचं सगळं घेतात. दोन दोऱ्यांवर आडवी पसरायची, सावलीत, मध्ये जुनी पांढरी चादर घालून.

पाणी जास्त लागायला लागलं तशी थोरली कुरकुरली. "एक गोधडी धुवायला आख्खी टाकी? ही काय हत्तीला आंघोळ घालते का?"

पण हौदावर नवीन नळ बसवून दिला तो धाकटीच्या नवऱ्यानं. त्याला बायकोचा हा ध्यास मनापासून आवडायचा. कुणी विचारलं की सांगायचा, "आमच्या दोघांचा धंदा एकच. गळती थांबवणं. मी नळाची थांबवतो, ही रंगाची."

हळूहळू तक्रारी बंद झाल्या. तक्रार येते तेव्हा सगळ्यांना कळतं, येत नाही तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. गिऱ्हाईक थोरलीच्या टाक्यांचं कौतुक करून जायचं. धाकटी मागच्या अंगणात ओल्या हातांनी ते ऐकायची आणि स्वतःशीच म्हणायची, टाके दिसतात हो, पण ते दिसावेत म्हणून पांढरं पांढरं कुणी ठेवलं?

हे असं बरीच वर्षं चाललं. धाकटीला मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली, सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. मग नर्सबाईंच्या गोधडीचा विषय निघाला.

नर्सबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहातल्या. त्या भागातली अर्धी माणसं त्यांच्या हातांत जन्मली होती. रस्त्यानं चालल्या की मिशा फुटलेले बाप्ये सायकलवरून उतरायचे, आणि त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, "काय रे, पायाळू ना तू? आईला फार दमवलंस." त्या आता निवृत्त होणार होत्या. थोरलीच्या डोक्यात कल्पना आली. जी जी मुलं त्यांच्या हातून झाली, त्यांच्या त्यांच्या घरून पहिल्या झबल्याचा, दुपट्याचा एकेक तुकडा आणायचा आणि त्याची एक मोठी गोधडी शिवून बाईंना द्यायची.

कल्पना थोरलीची, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर होती. घराघरांतून ट्रंका उघडल्या गेल्या. कुणी फुलाफुलांच्या झबल्याची बाही आणून दिली, कुणी टोपडं, कुणी पिवळ्या दुपट्याचा कोपरा. एका म्हाताऱ्या आईनं परदेशात गेलेल्या मुलाचं अख्खं झबलं आणलं, आणि कात्री लावताना बघवेना म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. बेकरीवाला एक डाळिंबी तुकडा घेऊन आला. त्याचा मुलगा प्रसूतिगृहापर्यंत पोचण्याइतका धीर न धरता बेकरीतच, पिठाच्या पोत्यांमागे जन्मला होता. नर्सबाई धावत आल्या, आणि गुंडाळायला काहीच सापडेना म्हणून दुकानाच्या दाराचा पडदा ओढून त्यात बाळाला गुंडाळलं. तो हा पडदा.

"हा तर मधोमध लागला पाहिजे," थोरली म्हणाली. "एवढ्या फिकट रंगांत हा कसा उठून दिसेल बघ!"

धाकटीनं नेहमीप्रमाणे चिंधी ओली केली आणि डाळिंबी तुकड्यावर दाबली. चिंधी उचलली तर तिच्यावर लालभडक डाग, जणू बोट कापलं.

"जाऊबाई, हा तुकडा मला आधी द्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन देते, मग लावा. जमलं तर सगळेच द्या."

"इवलेइवले तुकडे धुतलेस तर कडांची सुतं निघतील. मग शिवू काय, तुझं डोकं?"

"जाळीच्या पिशवीत घालून धुते. सुतं नाही निघायची."

"वेळ कुठाय? बाई पुढच्या आठवड्यात जाणार. तुझं आपलं काहीतरीच असतं."

थोरली वाईट शिवणारी असती तर धाकटी भांडली असती. पण ती शिवत बसली की खोलीत मोठ्यानं बोलायचाही धीर होत नसे. मान खाली, बोटं चालू. धाकटी एवढंच म्हणाली, "मग शिवून झाल्यावर हिला पाणी लावू नका. लावायचंच असेल तर मी लावीन."

गोधडी तयार झाली ती बघणाऱ्यानं बघत राहावं अशी. मध्ये डाळिंबी चौकोन, भोवती पांढरे, पिवळे, फिकट निळे, आणि सगळ्यांवरून त्या मुंग्यांच्या ओळी. फक्त खडूच्या खुणा जागोजाग राहिल्या होत्या. नेमकं त्याच दिवशी धाकटीला माहेरी जावं लागलं. वडिलांना बरं नव्हतं. "उद्या दुपारी येते, आल्या आल्या बघते," असं सांगून ती गेली.

थोरलीला ते 'मी लावीन' कुठंतरी लागलं होतं. गोधडी तिनं शिवली, कल्पना तिची, आणि पाण्यात बुडवायला हिची परवानगी? पाण्यात बुडवायला अशी काय अक्कल लागते? दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं हौद भरला, साबण टाकला, रंग पक्का राहावा म्हणून वर मूठभर मीठही टाकलं. मीठ टाकलं की रंग जात नाही हे तिनं आईकडून ऐकलं होतं, आईनं तिच्या आईकडून. गोधडी बुडवली, चोळली, आणि काढून हौदाच्या कठड्यावर ढीग करून चहा ठेवायला गेली.

नेमकी त्याच सकाळी धाकटी ठरल्यापेक्षा लवकर परतली. वडिलांचा ताप उतरला होता. ती मागच्या दारानं आली आणि अंगणातच थबकली. थोरली गोधडी दोरीवर टाकत होती. मधल्या चौकोनापासून चहूबाजूंना गुलाबी पसरलं होतं, पांढऱ्या झबल्यांवर, टोपड्यांवर, कुणी सरबताचा पेला लवंडल्यासारखं. थोरलीचा चेहरा मात्र पांढराफटक पडलेला.

"उन्हात टाकते," ती धाकटीकडे न बघता म्हणाली. "उन्हानं उडेल जरा."

खोटं कशाला सांगायचं, क्षणभर धाकटीला आतून बरं वाटलं. इतकी वर्षं मागच्या अंगणात ऐकलेलं सगळं एकदम फिटल्यासारखं वाटलं. पण क्षणभरच. मग तिची नजर त्या म्हाताऱ्या आईच्या मुलाच्या झबल्यावर गेली. त्याची कॉलर गुलाबी झाली होती.

"दोरीवरून काढा," ती पिशवी खाली टाकत ओरडली. "आधी काढा! वाळली की संपलं. ओली आहे तोवर हातात आहे."

आजवर थोरलीवर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. थोरलीनं लगेच गोधडी खाली घेतली.

"आता?"

"आता खूप पाणी. आणि गरम."

"गरम?" थोरलीचा धीर सुटला. "अगं, गार पाण्यानं हे असं झालं आणि तू गरम ओततेस? उरलासुरला रंगही सगळीकडे जाईल!"

"जाऊ दे ना. जो निघायचाय तो सगळा निघू दे. थोडा निघतो आणि पाणी कमी पडतं, तेव्हाच तो शेजाऱ्याला चिकटतो. भरपूर पाणी असलं, साबण असला, की पाण्यातच तरंगत राहतो. मग पाणी फेकून द्यायचं."

"मी मीठ टाकलं होतं गं," थोरली अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"जाऊबाई, रंग पक्का होतो तो भट्टीत. बादलीत नाही होत. मिठानं होत असता तर माझ्या बापानं एवढी लाकडं कशाला जाळली असती?"

पण हौद उथळ होता. त्यात एवढी मोठी गोधडी घडी न पडता बुडायची नाही. घोडं इथंच अडलं. धाकटी अंगणात गरागरा फिरली, आणि मग तिचं लक्ष गच्चीकडे गेलं. गच्चीवर तिच्या नवऱ्यानं कुठल्याशा पाडलेल्या हॉटेलातून आणलेला अंघोळीचा लांबलचक टब होता. चिनी मातीचा मुलामा दिलेला, पांढरा. आणला तेव्हा 'यात कोण राजा न्हाणार?' म्हणून सगळे हसले होते, आणि शेवटी सासूबाईंनी त्यात माती भरून पुदिना लावला होता.

गोधडी आणि फावडं घेऊन दोघी वर गेल्या तेव्हा सासूबाई तिथंच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, पण दिसायचं नीट. त्यांनी गोधडी बघितली, थोरलीचा चेहरा बघितला, धाकटीच्या हातातलं फावडं बघितलं.

"सासूबाई, पुदिना—"

"उपट," त्या म्हणाल्या. "पुदिना काय, पुन्हा उगवेल. ती झबली पुन्हा कुठून आणशील?"

नवऱ्याला निरोप गेला. तो कुणाचा तरी नळ अर्धवट सोडून आला. माती उपसली, टब घासला, भोक बुजवलं, खालून रबरी नळी वर ओढून घेतली. गरम पाण्याचा प्रश्न बेकरीवाल्यानं सोडवला. आपल्या पडद्यानं गोंधळ घातला हे कळताच तो बिचारा इतका शरमला की भट्टीवर मोठमोठी पातेली चढवून ती स्वतः खांद्यावरून घेऊन जिना चढू लागला. त्याच्यामागे त्याचा तोच पडद्यात गुंडाळलेला मुलगा, आता दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा वाढलेला. "मी तेव्हाही घाई केली, आताही मीच नडलो," असं म्हणत तो दोन्ही हातांत पातेली घेऊन येत होता.

टब काठोकाठ भरला. धाकटीनं साबण हातानं ढवळून विरघळवला, कोपरानं पाण्याचा अंदाज घेतला, आणि गोधडी आत सोडली. कुठलाही कोपरा पाण्याबाहेर राहू नये म्हणून वर जेवणाच्या पांढऱ्या बशा उपड्या ठेवल्या. जरा वेळानं पाणी गुलाबी झालं. मग लाल. थोरली तोंडावर हात घेऊन बघत होती.

"अगं आई गं, सगळीच गेली."

"गेली नाही, निघाली," धाकटी म्हणाली. "हे पाण्यात आहे तेवढं कापडात नाही. हिशेब सरळ आहे."

वरवर ती असं बोलत होती, पण तिलाही खात्री नव्हती. बापाच्या भट्टीवर तिनं असं बिघडलेलं कापड सुधारताना पाहिलं होतं. ती मात्र तागेच्या तागे एकदम करायची कामं. एकच एक तुकडा, आणि त्याच्या जागी दुसरा नाही, असं कधी नव्हतं. तिला वाटलं बापाला विचारून यावं. मग वाटलं, बाप काय सांगणार? तेच, जे आपण करतोय. पाण्याला वेळ दे, असं तो म्हणायचा. माणसं घाई करतात, पाणी करत नाही.

लाल पाणी सोडून दिलं, नवं भरलं. बेकरीवाला पुन्हा चढला, पुन्हा उतरला. संध्याकाळपर्यंत पाणी फिकट गुलाबीवर आलं. तिनं ते बदलून सगळ्यांना झोपायला पिटाळलं. सकाळी गच्चीवर पहिली गेली ती थोरली. मागून धाकटी पोचली तेव्हा थोरली टबाच्या काठाशी उकिडवी बसली होती, हाताची ओंजळ करून त्यातलं पाणी उजेडात धरून बघत होती.

"पांढरंय गं," ती म्हणाली. "म्हणजे पाण्यासारखंच आहे."

धाकटीनं पांढरी चिंधी पाण्यात टाकली, हलवली, बाहेर काढली. चिंधी जशीच्या तशी. मग तिनं बशा काढल्या. झबली पांढरी होती. टोपडी पांढरी होती. पिवळा पिवळा होता. मधला डाळिंबी चौकोन जरासा उतरला होता, पण आता शहाण्या माणसासारखा आपल्या जागेवर बसला होता.

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकटी मात्र वाकून एकाच जागी बघत होती. त्या परदेशातल्या मुलाच्या कॉलरवर, शिवणीच्या अगदी कडेला, एक सावली उरली होती.

"कुठं? मला तर दिसत नाही," थोरली म्हणाली.

"मला दिसतीये."

"अगं, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बापाला कळली असती." ती ताठ उभी राहिली. "आणखी एकदा भिजवायची."

या वेळी थोरलीनं वाद घातला नाही. ती खाली गेली आणि बेकरीवाल्याला हाक मारून आली. "आणखी एक खेप हो, भाऊ. आमची धाकटी म्हणतीये." असं 'आमची धाकटी' धाकटीनं तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि बशा विसळायला घेतल्या.

दुपारपर्यंत ती सावलीही गेली. गोधडी दोन दोऱ्यांवर सावलीत आडवी पसरली, आणि ती पुरती वाळेपर्यंत दोघी जावा तिच्याजवळून हलल्या नाहीत. एक या टोकाला, एक त्या टोकाला.

नर्सबाईंच्या निरोपाला प्रसूतिगृहाची खालची खोली गच्च भरली होती. खिडकीतून माणसं, जिन्यावर माणसं. गोधडी उलगडली. बाईंनी चष्मा घातला आणि बोट ठेवून एकेक तुकडा वाचू लागल्या. "ही जुळी. हा पायाळू. ही रडलीच नव्हती, मी तळपायावर टिचकी मारली तेव्हा रडली." त्या झबल्यापाशी आल्या तेव्हा म्हातारी आई पुढे सरकली. तिनं बोटानं कॉलर चाचपली आणि म्हणाली, "अजून अगदी तशीच पांढरी आहे." धाकटी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिचा श्वास जरा मोकळा झाला.

डाळिंबी चौकोनापाशी आल्यावर बाई मोठ्यानं हसल्या. बेकरीवाल्याचा मुलगा लाजून लाल झाला. त्याच्या आईनं त्याला पुढे ढकललं.

मग बाईंनी थोरलीचे हात हातात घेतले. "काय टाके आहेत गं! मी इतक्यांना टाके घातले, पण असे जमले नाहीत." सगळे हसले. "पण एक सांग, ही मी रोज पांघरणार. मळेल. मग धुवायची कशी? इतके रंग आहेत, मला तर भीतीच वाटते."

गोधडीविषयी कुणी काही विचारलं की उत्तर थोरलीनं द्यायचं, हे इतकं ठरलेलं होतं की सगळे तिच्याकडेच बघत होते.  थोरली मात्र वळली, गर्दीतून मागे आली, आणि धाकटीच्या दंडाला धरून तिला पुढे घेऊन गेली.

"हिला विचारा," ती खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "शिवलीये मी. पण आज तुमच्यापुढे ही अशी आहे ती हिच्यामुळे. मी एकदा हिच्या माघारी पाण्यात घातली, तर वाट लावली होती. तुम्ही स्वतः धुवायची नाही, दुसऱ्या कुणाकडून धुऊन घ्यायची नाही. आमच्याकडे पाठवायची. हिच्याशिवाय गोधडीला कुणी हात लावायचा नाही."

 धाकटीला चारचौघांत बोलायची कधी सवय नव्हती. पण बाईंनी विचारलं, "का गं, असं काय करतेस तू?" आणि धाकटी सांगू लागली. साबण कसा, पाणी किती, ढीग का नाही, ऊन का नाही. सांगता सांगता तिचे हात आपोआप हलू लागले, समोर जणू पाणी आहे तसे. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मध्येच विचारलं, "आणि मीठ?" थोरली पटकन म्हणाली, "मीठ भाजीत." खोली पुन्हा हसली. धाकटीही हसली. आपण उभं राहून बोलतोय आणि लोक ऐकतायत, हे तिच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

त्यानंतर माणसं येऊ लागली ती फक्त धुण्यासाठी. लांबून, आजीच्या, आईच्या हातच्या गोधड्या घेऊन, घाबरत घाबरत, आजारी मूल डॉक्टरकडे आणावं तशी. टब गच्चीवरून अंगणात आला, त्याच्याशेजारी दुसरा आला. धाकटी प्रत्येकाला खरं ते सांगायची. एक बाई रंग उतरून वर्षानुवर्षं तशीच वाळलेली गोधडी घेऊन आली, तेव्हा ती म्हणाली, "हे सगळं जायचं नाही, ताई. निम्मं गेलं तरी नशीब. खोटं सांगून ठेवून घेणार नाही." निम्मं गेलं. ती बाई तेवढ्यावरही डोळे पुसत गेली, पण धाकटीचा तो दिवस खराब गेला. तिला निम्मं कधीच पुरत नसे.

थोरलीचा स्वभाव काही एका टबात धुऊन निघाला नाही. पाणी किती वापरतेस म्हणून ती अजून बोलायची. पण कापड आणलं की कात्री लावण्याआधी ते धाकटीच्या पुढ्यात ठेवायची. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा "सहज, बघ जरा" म्हणून, पुढे पुढे काही न बोलता.

एकदा दोघी मिळून कापड आणायला गेल्या. मोठं दुकान, मऊ गाद्या, दुकानदार गोडबोल्या. थोरलीची नजर एका हिरव्यावर बसली ती उठेना. पावसानंतरच्या पानासारखा तो हिरवा. तिनं गालाला लावून बघितला, उजेडात नेऊन बघितला.

"रंगाची खात्री?" धाकटीनं विचारलं.

"बाई, शंभर वेळा धुवा," दुकानदार म्हणाला.

"शंभर राहू द्या. एकदा बघू." तिनं पर्समधून रुमाल काढला, दुकानदारानं त्यांच्यापुढे ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यात बुडवला, आणि हिरव्यावर दाबून धरला. उचलला तर रुमालावर हिरवं पान उमटलेलं.

दुकानदार चिडला. "एवढं तर कुठलंही कापड सोडतं हो! आजवर कुणी तक्रार केली नाही. थोरल्या बाई, तुम्हाला आवडलंय ना? तुम्हीच सांगा."

थोरलीनं हिरव्याकडे बघितलं. धाकटीला माहीत होतं, त्या हिरव्यासाठी ती मनात आख्खी गोधडी शिवून मोकळी झाली होती. तिनं तागा नीट गुंडाळला आणि गादीवर परत सरकवला.

"मला आवडून काय उपयोग?" ती म्हणाली. "आमच्या घरातून गेलेल्या गोधडीचा रंग जात नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही वाटतं. ही आमची धाकटी. ही नको म्हणाली की नको."

 बाहेर पडून चौक ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, "हिरवा मात्र सुरेख होता हो मेला."

"होता," धाकटी म्हणाली. "पुढच्या दुकानात बघू."

"आणि तिथलाही निघाला तर?"

"तर त्याच्या पुढच्या."

थोरली थांबली. तिनं धाकटीच्या हातातला तो डागाळलेला रुमाल काढून घेतला, घडी घालून तिच्या पिशवीत टाकला, आणि स्वतःच्या कमरेचा पांढरा रुमाल काढून तिच्या हातात दिला. मग पुढच्या दुकानाची पायरी चढताना गल्ल्यावरच्या माणसाला दुरूनच बजावलं, "आधी पेलाभर पाणी आणा हो. कापड मग दाखवा."